मी सिगार बाद केली

बसा बाप्पा, बसा. चहा टाकला आहे, पण साखर कमी आहे, आधीच सांगून ठेवतो. या घरात आता मीच चहा करतो अन् मीच त्याले नावं ठेवतो. तुम्ही विषय काढलाच आहे तं सांगतो, पण मी जे करून बसलो ते रायपुरात आजपर्यंत कोन्या शहाण्या माणसानं केलं नसन. हसू आलं तं हसा. फक्त नितीन आला की विषय बदला.

नितीन म्हणजे आमचा पोट्टा. सत्तावीस वर्षांचा. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होता. सकाळी पांढरा शर्ट घालून जात होता अन् संध्याकाळी करडा घालून येत होता. शर्ट तोच. मंग तिथली भट्टी बंद झाली अन् माणसं घरी धाडली. आठ महिने पोट्टा घरात. त्याची आई, आमची सुमन, भट्टी बंद व्हायच्या सहा महिने आधीच गेली होती. आता तुम्हीच सांगा, या घरात काय बोलणं होत असन? ती गेली तेव्हापासून त्याचं मराठीच बंद झालं. मी मराठीत विचारायचं, त्यानं हिंदीत उत्तर द्यायचं, तेही एका शब्दात.

"जेवला काय?"

"हाँ."

"कुठं चालला?"

"बाहर."

झालं. दिवसभराचं बोलणं संपलं.

आता माझं सांगतो. मी चौतीस वर्षं तेंदूपत्त्यात काढली. बिडी ज्या पानात वळतात, ते हे पान. उन्हाळ्यात जंगलात गावोगावी फड लागते, म्हणजे पान विकत घ्यायची जागा. बाया-माणसं पहाटे पान तोडून आणतात, पन्नास-पन्नास पानांची गड्डी बांधतात अन् फडावर आणून ठेवतात. मी ठेकेदाराचा चेकर. माझं काम एकच. गड्डी उचलायची, सोडायची, आतलं पान पाहायचं अन् सांगायचं, पास का बाद.

आता काही लोकं काय करतात, की गड्डीत वरचं अन् खालचं पान चांगलं तळहाताएवढं लावतात, अन् मधात भोकाचं, पिवळं, कोवळं पान घुसडून देतात. म्हणून चेकरचा पहिला नियम, गड्डी सोडल्याशिवाय माल पास करायचा नाई. वरून पाहून पास करणारा चेकर एका सीझनमध्ये घरी बसते. मी चौतीस वर्षं टिकलो.

पण सवय घरी आली माझ्यासोबत. भाजी बाद. पोळी बाद. नितीनचा निकाल बाद, त्यानं दिवाळीले आणलेला शर्ट बाद, त्याची सिलतऱ्याची नोकरी तं पहिल्याच दिवशी बाद. सुमन म्हणायची, "अहो, हा फड नाई, घर आहे." मी तिचं कधी ऐकलं नाई. आता ती नाई, तं रोज ऐकू येते.

अन् हो, एक सांगायचं राहिलं. मी आयुष्यात बिडी ओढली नाई. सिगरेट नाई, खर्रा नाई, गुडाखू नाई. हलवाई कधी पेढे खाते काय?

तं मार्च महिना होता. दुपारचे बारा वाजले असन. नितीन बाहेरून आला अन् चक्क माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. मी घाबरलोच. त्यानं खिशातून एक काचेची नळी काढली. आत अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, तपकिरी चीज. कमरेले सोनेरी पट्टी.

"सिगार है, बाबा."

मंग त्यानं सांगतलं. आठ महिन्यांत एवढं लांब बोलणं पहिल्यांदा ऐकलं मी त्याच्या तोंडून. व्हीआयपी रोडवर एक मोठं हॉटेल आहे, नाव कशाले घ्या. तिथं सिगारची खास खोली सुरू होऊन राहिली होती. बड्या लोकांनी सोफ्यावर बसायचं, सिगार निवडायची अन् आरामात ओढायची. तिथं एक माणूस पाहिजे होता, जो कोणती सिगार कशी हे समजावून सांगन, कापून देईन, पेटवून देईन. किती तरी पोरं आली होती, त्यातून तिघं ठेवले, अन् त्या तिघांत आमचा नितीन. तिघांले एक-एक सिगार देल्ली. संध्याकाळी सहा वाजता हॉटेलचा सेठ स्वतः बसणार. ज्यानं-त्यानं आपली सिगार सेठसमोर कापायची, पेटवून द्यायची अन् तिचं वर्णन करायचं. सेठले ज्याचं पटलं, त्याले नोकरी.

"दूसरी नहीं मिलेगी," नितीन म्हणाला. "एक ही है."

मंग खाली मान घालून म्हणते, "पत्ते का काम तो आपने ही किया है, बाबा. मैं बीरगांव जाकर आता हूँ, दोस्त का कोट लाना है, बाल कटाने हैं. तब तक ज़रा देख के बताओ ना, इसके पत्ते के बारे में क्या बोलूँ."

या पोरानं आठ महिन्यांत मले काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा स्वतः उठून घेत होता. अन् आज म्हणते, तुम्ही सांगा. मले सुमनची इतकी आठवण आली की डोळे भरले. मी म्हटलं, "जा तू. निश्चिंत जा." निश्चिंत हा शब्द मी नोकरीत अन् घरात मिळून पहिल्यांदा वापरला असन.

तो गेला. मी चष्मा पुसला, खाटेवर पेपर पसरवला अन् खिडकीजवळ उजेडात बसलो.

आधी वरून पाह्यलं. काय पान होतं म्हणून सांगू! शीर बारीक, भोक नाई, डाग नाई, रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, तेलाचा हात फिरवल्यासारखी चकाकी. मी खूश झालो. अन् तिथंच मनात शंकेची पाल चुकचुकली. वरचं पान एवढं देखणं? मंग आत नक्कीच घोळ आहे.

आता तुम्ही म्हणाल, वसंतराव, वास घ्यायचा, बोटानं दाबून पाहायचं अन् ठेवून द्यायचं. तुम्ही म्हणाल हो. तुम्ही कधी फडावर बसले आहात काय?

मी सोनेरी पट्टी अलगद काढली. वाळलेलं पान कोरडं सोडलं तं फाटते, हे बिडी वळणारी पोट्टीही सांगन. म्हणून सुती फडकं ओलं केलं, पिळलं, अन् सिगार त्यात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवली. मस्त नरम पडली. मंग टोकाकडून नखानं पान उचललं अन् हळूहळू सोडत गेलो. एक बारीक चीर नाई पडू देल्ली. हात अजून शाबूत आहे, याचं मले कौतुकही वाटलं.

वरच्या पानाखाली दुसरं पान, राकट, जाड शिरेचं. अन् त्याच्या आत? चुरगळून कोंबलेली पानं. ना घडी, ना रांग. एक काळं, एक पिवळट, एक भुरकट. तीन जातीचा माल एकात. चौतीस वर्षं जी चोरी पकडली, तीच चोरी, फक्त सोनेरी पट्टी लावून आली होती. मले इतकं बरं वाटलं, की नातू झाल्यावरही वाटणार नाई.

राहिली चव. तेंदूचं पान आम्ही कधीमधी चावून पाहत होतो. ते तुरट लागते, बाकी काही होत नाई. मी त्या काळ्या पानाचा चांगला बोटभर तुकडा तोंडात टाकला, नीट चावला, अन् गिळला. थुंकायचं असते एवढी अक्कल मले कुठून येणार?

पाच मिनिटांत छत फिरायले लागलं. पंखा बंद होता, छत फिरून राहिलं होतं. घाम सुटला, कानात शिट्ट्या वाजायले लागल्या. कसाबसा मोरीपर्यंत गेलो अन् सकाळचा चहा-पोहे सगळं बाहेर. मंग अर्धा तास खाटेची पाटी धरून पडून राहिलो. डोळे मिटले की खाट भिंतीवर चढत होती.

त्या अर्ध्या तासात माझी खात्री पटली. हा नुसता मिसळीचा माल नाई, यात काहीतरी विषारी आहे. आता विचार करा. सहा वाजता माझा पोरगा ही चीज सेठच्या तोंडात देणार, पेटवणार, अन् सेठ जागेवर आडवा होणार. नोकरी राहिली बाजूले, पोट्टा जेलात!

फोन लावला. उचलला नाई. गाडीवर असन. परत लावला. नाई. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. मी ठरवलं, आपणच जायचं.

सगळी पानं गोळा केली, एकावर एक लावली, अन् बांधायले दोरा पाहिजे म्हणून सुमनचा शिवणाचा डबा उघडला. ती गेल्यापासून उघडला नव्हता. सुई अजून निळ्या दोऱ्यात ओवलेली होती. तिले हात न लावता काळा दोरा काढून गड्डी बांधली. कागदावर रीतसर लिहिलं, वरचं पान उत्तम, आतला माल तीन जातीचा, ओल जास्त, शेरा बाद. अन् नितीनसाठी रिकाम्या नळीखाली चिठ्ठी ठेवली, "माल बाद आहे. काळजी करू नको. सेठले सांगायले मीच जातो." ही चिठ्ठी वाचून त्या पोराचं काय झालं असन, हे मी त्याले अजून विचारलं नाई.

गड्डी झोल्यात टाकली अन् ऑटो करून व्हीआयपी रोडवर गेलो. हॉटेलच्या गेटवर गार्डनं छत्तीसगढीत विचारलं, झोल्यात काय आहे म्हणून, "का हे बबा, झोला म?"

म्हटलं, "सेठ का सामान है."

"हव, जा," म्हणाला बिचारा. त्याचाही काही दोष नाई.

सिगारच्या खोलीत सेठ एकटाच बसून होता. साठीचा, पांढरा शर्ट, आवाज एकदम मऊ. मले वरून खालपर्यंत पाह्यलं अन् विचारलं, "आप इंटरव्यू के लिए आए हैं?"

"नहीं. मैं नितीन का बाप. सेठजी, आपके साथ धोखा हुआ है." अन् मी झोल्यातून गड्डी काढून काचेच्या टेबलावर ठेवली.

"ये क्या है?"

"सिगार."

"कौन सी सिगार?"

"आपकी."

मी दोरा सोडला, पानं वेगवेगळी मांडली अन् फडावर नव्या पोरांले समजावून सांगत होतो तसं सगळं सांगतलं. वरचं कसं, आतलं कसं, लोकं कशी फसवतात. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मंग म्हणाला, "बाबूजी, सिगार ऐसी ही बनती है. अंदर अलग-अलग पत्ते ही रहते हैं. उसी से तो स्वाद आता है."

आता एखाद्या शहाण्या माणसानं इथं काय केलं असतं? हात जोडून उठला असता. मी म्हटलं, "सेठजी, आपको भी यही बोल के बेचा ना?"

सेठनं चष्मा काढला.

"स्वाद का मत बोलो," मी म्हटलं. "स्वाद मैंने लिया है. उलटी हुई."

"आपने पी ली?"

"पी नहीं. खाई."

सेठ चष्मा पुसायले लागला. बराच वेळ पुसत राहिला. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. मी एक घोट घेतला अन् सांगतलं की पत्ती जास्त उकळली आहे. मंग हेही सांगतलं की सोफा फार खोल आहे, वयस्क माणसाले उठता येत नाई, अन् खोलीत उजेड कमी आहे, एवढ्या अंधारात माल पाहणार कसा. मले वाटत होतं, मी पोराची वट वाढवून राहिलो.

तेवढ्यात दार उघडलं अन् नितीन आला. धापा टाकत. केस नवीन कापलेले, मित्राच्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. त्यानं टेबलावरची पानं पाहिली. मले पाह्यलं. सेठले पाह्यलं. मले वाटलं आता ओरडते. ओरडला असता तं बरं झालं असतं.

"सर, मेरे फादर हैं," एवढंच म्हणाला. मंग माझ्याजवळ खाली बसला. "बाबा, पानी पिया?"

"नाई."

त्यानं पाणी आणून देल्लं. मी पान खाल्ल्याचं अन् चक्कर आल्याचं सांगतलं. "चक्कर अभी भी है?"

"थोडी."

मंग त्यानं एक-एक पान उचललं अन् सेठले नाई, मले समजावायले लागला. "बाबा, ये ऊपर का है, दिखने के लिए. ये उसके नीचे का, बाँधने के लिए. और अंदर के तीन. एक ठीक से जलने के लिए, एक खुशबू के लिए, एक ताकत के लिए. आपने जो खाया ना, वो ताकत वाला था."

"मंग हे पिवळं काहून?"

"वो जलने वाला है, बाबा."

"अन् चुरगळलं काहून? घडी काहून नाई?"

"हवा जाने के लिए. दबा दिया तो खिंचेगी नहीं."

"तुले कोनं सांगतलं?"

"पढ़ा है, बाबा. आठ दिन से पढ़ रहा हूँ."

मी अजून पाच-सहा प्रश्न विचारले. खोटं काहून बोलू, त्यातले तीन नुसते हरायचं नाई म्हणून. त्यानं सगळ्यांचं उत्तर देल्लं, आवाज जरासा वर गेला नाई. शेवटी माझ्याजवळ विचारायले काही उरलं नाई. तेव्हा सेठ म्हणाला, "बाबूजी, आप ज़रा बाहर बैठिए."

बाहेर बाकावर ते दुसरे दोन उमेदवार बसून होते, आपापल्या काचेच्या नळ्या मांडीवर धरून. शाबूत. मी त्यांच्या बाजूले बसलो. नितीन बाहेर येऊन समोर उभा राहिला, माझ्याकडे पाह्यलं नाई. सहा वाजले अन् एक-एक करून ते दोघं आत गेले. दाराच्या फटीतून धुराचा वास आला. वास चांगला होता, हे कबूल करतो. अन् त्या वासानं मले एकदम कळलं, मी काय केलं ते. माझ्या पोरानं आठ महिन्यांनी एक गोष्ट माझ्या हातात देल्ली होती, अन् मी ती ओल्या फडक्यात घालून पान-पान सोडून ठेवली. मले स्वतःची लाज वाटली. त्या बाकावर मी रडलो, गार्ड पाहून राहिला होता तरी रडलो.

सगळ्यात शेवटी नितीनले बोलावलं. रिकाम्या हातानं गेला. पाच मिनिटांत बाहेर आला अन् म्हणाला, "चलो."

त्याच्या गाडीवर मागं बसलो. तेलीबांधा तलाव आला, गेला. एरवी मी मागं बसून त्याले गाडी चालवायले शिकवतो, इथं ब्रेक मार, तिथं हॉर्न दे. त्या दिवशी एक शब्द नाई. खड्डा आला तरी नाई. मित्राचा कोट वाऱ्यानं फुगून माझ्या तोंडावर येत होता, तो मी हातानं दाबून धरला, चुरगळू नये म्हणून. पोरासाठी त्या दिवशी केलेलं तेवढंच एक कामाचं काम.

घरी आलो. मी वरण-भात लावला. दोघं जेवायले बसलो. माझ्यानं राहवलं नाई.

"नितीन, चुकलं माझं," मी म्हटलं. "तुझी नोकरी मी घालवली. तुझी आई असती तं तिनं मले हात लावू देल्ला नसता. मले कोनी अडवणारं नाई राहिलं रे. तू मले बोल, काय बोलायचं ते बोल."

तो जेवत राहिला. घास संपवला. मंग म्हणाला, "नौकरी लग गई, बाबा. एक तारीख से जाना है."

मले वाटलं चक्कर अजून उतरली नाई. "पण सिगार तं..."

"सेठ बोला, सिगार का क्या है, लड़का सीखा हुआ है, और सीख जाएगा. बोला, मेरे यहाँ जो लोग आएँगे ना, बड़े-बड़े लोग, सब बिना बात के खोट निकालने वाले. जो लड़का ऐसे बाप को इतने साल से शांति से सँभाल रहा है, वो किसी को भी सँभाल लेगा."

घास माझ्या हातातच राहिला. आनंद करावा तं कोन्या तोंडानं करावा? घास खाली ठेवून विचारलं, "मंग तू काय म्हटलं त्याले?"

नितीननं वरण वाढून घेतलं. अन् आई गेल्यापासून पहिल्यांदा, माझ्याकडे पाहून मराठीत बोलला.

"म्हटलं, सर, आज तं बाबा चांगल्या मूडमध्ये होते."